जिलबी उठून गेली तेव्हा : कुत्र्याला घाबरणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

या लेखातल्या मुलीला मी मनू म्हणणार आहे. ते तिचं खरं नाव नाही. घरच्यांची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. आईबाबांनी मजकूर वाचून परवानगी दिली. मनूलाही विचारलं. तिने एकच अट घातली : जिलबी या कुत्रीचं नाव बदलायचं नाही. तेव्हा जिलबी जिलबीच आहे.

मी पुण्यात बालसमुपदेशक म्हणून काम करते. भीती, शाळेत न जाणं, अंथरूण ओलं करणं, अशा तक्रारी घेऊन पालक येतात. थेरपी डॉग, म्हणजे उपचारात मदतीला घेतलेला शांत, पारखलेला कुत्रा, हा माझ्या कामाचा छोटासा भाग आहे, वर्षाला चार-पाच मुलांपुरता. बाकीच्यांना त्याची गरज नसते.

पार्श्वभूमी

एप्रिल २०२४. परीक्षा संपून दोन दिवस झाले होते. साडेआठ वर्षांची मनू सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळत होती. चेंडू पंपघराशेजारच्या एका गाडीखाली गेला आणि ती वाकून काढायला गेली. गाडीमागे एक कुत्री आठवडाभरापूर्वी व्याली होती. कुत्री गुरगुरली असणार, पण मनूला ते कळलं नाही. कुत्री बाहेर आली, मनू पळाली, आणि कुत्रीने पोटरी धरली.

पुढचा अर्धा तास सगळे मनूभोवती होते. आई तिसऱ्या मजल्यावरून ओरडत खाली आली. एकाने हळद आणली, दुसऱ्याने मिरचीपूड दाबायला सांगितली. नशिबाने वॉचमनकाका शहाणे निघाले. त्यांनी कुणाचंही न ऐकता मनूचा पाय नळाखाली धरला आणि कपड्याचा साबण लावून बराच वेळ धुतला. चावलेली जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुणं हा रेबीजवरचा पहिला उपचार आहे. हळद-मिरचीने जखमेची आग तेवढी होते.

दवाखान्यात जखम तिसऱ्या श्रेणीची ठरली, म्हणजे दात कातडीच्या आत गेले होते. अशा वेळी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं आणि ते जखमेच्या आत आणि भोवती टोचावं लागतं. ते दुखतं. मनूला चौघांनी धरलं. त्यानंतर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस झाली. दंडातल्या त्या सुयांचं तिला फारसं काही वाटलं नाही. आजीने मात्र जुन्या आठवणीतून “आमच्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं देत” हे पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि महिनाभर मनू पोटावर उशी धरून झोपली. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, पण तिची धास्ती घराघरांत अजून शाबूत आहे.

अडचण

जूनमध्ये शाळा सुरू झाली. इमारतीच्या जिन्यापासून फाटकापर्यंत अंतर साठ-सत्तर फूट. व्हॅन फाटकाशी थांबते. मनू शेवटच्या पायरीवर उभी राहायची आणि तिथून हलायची नाही. बाबा तिला उचलून नेत. साडेआठ वर्षांची मुलगी, दप्तर, पाण्याची बाटली आणि पावसाळा असेल तर छत्रीसुद्धा. जुलैत ते माझ्याकडे आले तेव्हा बाबांच्या कमरेला पट्टा होता आणि मनूची अकरा दिवस शाळा बुडाली होती. खाली खेळणं बंद, आजीबरोबर दत्ताच्या देवळात जाणं बंद. गॅलरीतून कुत्रं दिसलं की पडदा ओढायचा.

बाबांनी पहिल्याच भेटीत ध्येय सांगून टाकलं : “मॅडम, एकदा कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला ना तिने, की सुटलो.”

मनूला मी चित्र काढायला सांगितलं : “त्या दिवशीचं तुला जे आठवतं ते काढ.” मला वाटलं कुत्रा येईल, दात येतील. तिने पलंग काढला, पलंगावर एक बारीकशी मुलगी, आणि मुलीच्या हातापायांवर चार मोठे पंजे. पंजे माणसांचे होते. सुई होती, पण कोपऱ्यात. कुत्रा कुठेच नव्हता. विचारल्यावर म्हणाली, “तो कागदाच्या बाहेर गेलाय.”

या चित्रावर मी आणखी थांबायला हवं होतं. टिपणवहीत मी “धरून ठेवल्याची आठवण तीव्र” एवढं लिहिलं आणि पुढे गेले. त्या ओळीची किंमत मला सहा आठवड्यांनी कळली.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय आजीचा : थांबा, वय वाढलं की जाईल. काही भीती जातातही. पण इथे भीती रोज सकाळी बाबांच्या कडेवर बसून पक्की होत होती. उचलून नेलं की लगेच सुटका, आणि सुटकेची गोडी लागली की पाय जमिनीला लागत नाहीत.

दुसरा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा : कुत्री उचलून लांब सोडा. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना जिथून पकडलं तिथेच परत सोडायचं असतं, त्यामुळे ही वाट बंद होती. मी आईला वेगळंच सुचवलं : त्या कुत्रीची पिल्लं मोठी झाली की तिच्या नसबंदीच्या मागे लागा. त्या मागे लागल्या. त्याचं फळ शेवटी येईल.

तिसरा बाबांचा. घरी पिल्लू आणायचं. “लहानपणापासून बरोबर वाढेल, भीती आपोआप जाईल.” हा विचार मी वर्षातून दोन-तीनदा तरी ऐकते आणि दर वेळी हात जोडते. पिल्लू म्हणजे सुईसारखे दुधाचे दात, पायजमा ओढणं, अंगावर उड्या, पळालं की मागे पळणं. चावा बसलेल्या मुलीला नेमकं हेच सोसवत नाही. आणि जमलं नाही तर त्या पिल्लाचं काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

चौथा, कुत्र्याविनाच काम करायचं. चित्रं, गोष्टी, व्हिडिओ, मग गॅलरी, मग जिना. मन तिकडे झुकत होतं, कारण बहुतेक मुलांना एवढं पुरतं. पण मनू व्हिडिओतल्या कुत्र्यांना घाबरत नव्हती. ते बघून हसायची. तिची भीती जिवंत, हलणाऱ्या, न सांगता जवळ येणाऱ्या कुत्र्याची होती.

म्हणून पाचवा. जिवंत कुत्रा, पण ओळखीचा, शांत, पट्ट्यात, आणि हळूहळू.

ही वाट नवी नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन वर्षांच्या आतल्या पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. पीटर आवडीचं खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि रोज थोडा पुढे सरकवायचा. त्या प्रकरणातला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. मधेच पीटरला ताप येऊन तो रुग्णालयात गेला, आणि तिथून घरी निघताना एक मोठा कुत्रा त्याच्यावर झेपावला. कमावलेलं सगळं गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. मनूच्या बाबतीत मी हा तपशील लक्षात ठेवायला हवा होता.

जिलबीची निवड

थेरपी डॉग म्हटलं की लोकांना सोनेरी लॅब्रडॉर दिसतो. जिलबी गावठी आहे. तांबूस रंग, उभे कान, आणि शेपूट पाठीवर अशी गोल वळलेली की नाव शोधावं लागलं नाही. ती सात-आठ वर्षांची आहे. सुलभाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, तिला पिल्लू असताना रस्त्यावरून घेऊन आल्या. गावठी कुत्री निवडण्यामागे माझं कारण साधं होतं : मनूच्या पार्किंगमध्ये लॅब्रडॉर झोपत नाहीत.

कागदपत्रं मी बघतेच. वर्षाची रेबीजची लस, जंतांचं औषध, गोचिडांची तपासणी, कापलेली नखं. पण माझा खरा भरवसा ताटावर. कुत्र्याच्या मागे अचानक स्टीलचं ताट पाडायचं. दचकणारच, दचकावंच. बघायचं हे की सावरायला किती वेळ लागतो आणि सावरताना ते कुणाकडे जातं. जिलबी दचकली, सुलभाताईंच्या पायाशी गेली, तिथून वळून ताट हुंगून आली. पंधरा सेकंदांत सगळं संपलं. फटाक्यांना मात्र ती मनापासून भिते, हे सुलभाताईंनी आधीच सांगून ठेवलं.

काय केलं

मनूशी बसून आम्ही भीतीचा जिना काढला, दहा पायऱ्यांचा. सगळ्यात वरची पायरी तिने ठरवली : “आपल्या पायांनी व्हॅनपर्यंत.” कुत्र्याला हात लावणं जिन्यावर कुठेच नव्हतं. तिला ते नको होतं, आणि व्हॅनपर्यंत जायला त्याची गरजही नव्हती. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चूक ही झाली की तो मी मनूबरोबर घेतला आणि बाबांना नीट सांगितला नाही.

ऑगस्टमध्ये शनिवारी सकाळी सत्रं सुरू झाली. पहिल्या दिवशी जिलबी आलीच नाही. खोलीत तिची चटई होती, पट्टा होता, चटईवर चार केस. दुसऱ्या दिवशी ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, आम्ही अलीकडे बाकावर. मनूला काम दिलं होतं : कुत्री काय काय करते ते लिहायचं. तिने लिहिलं, “बसली. जांभई दिली. कान हलवला. माझ्याकडे नाही बघितलं.” शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. आपल्याकडे न बघणारा कुत्रा, ही तिच्यासाठी मोठीच बातमी होती.

तिसऱ्या सत्रात जिलबी खोलीत आली आणि पाठ करून आडवी झाली. मनू दाराशी, माझी खुर्ची मधे. वीस मिनिटं काहीही घडलं नाही. यापेक्षा चांगलं सत्र मला मागता आलं नसतं.

चौथं सत्र

मनू त्या दिवशी खुशीत होती. आपणहून दोन पावलं पुढे येऊन ती जमिनीवर बसली, जिलबीपासून चार-पाच फुटांवर. बाबा प्रथमच आत आले होते, कारण बाहेर पाऊस होता. मी मान खाली घालून अंतर लिहीत होते.

“बघ, किती गरीब आहे गं ती,” असं म्हणत बाबांनी मनूचं मनगट धरलं, तिला पुढे ओढलं आणि हात जिलबीच्या पाठीवर टेकवला. प्रेमाने. दोन सेकंद असेल.

मनू ओरडली नाही. ती ताठ झाली. जिलबीने मान वळवली, ओठांवरून जीभ फिरवली, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसले, आणि ती उठून सुलभाताईंच्या खुर्चीमागे जाऊन बसली. सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, “जिलबीचं आजचं काम संपलं,” आणि पट्टा घेऊन बाहेर गेल्या.

मग मनू रडली. ती कुत्रीवर चिडली नव्हती, चिडली होती बाबांवर. “तुम्ही धरलंत. परत धरलंत.” ते ‘परत’ ऐकल्यावर मला कोपऱ्यातली सुई आणि चार पंजे आठवले.

त्या संध्याकाळी दोन गोष्टींपैकी एक ठरवायची होती : हे इथेच थांबवायचं, की पुढे न्यायचं. सुलभाताईंचं म्हणणं होतं की निदान महिनाभर तरी जिलबीला या खोलीत आणू नये. जिलबीने नाराजी दाखवली ती योग्य रीतीने, उठून जाऊन. पण तिच्या उठून जाण्याला मान मिळाला नाही तर पुढच्या वेळी ती गुरगुरेल, आणि गुरगुरल्याबद्दल कुणी रागावलं तर त्यापुढे दातच उरतात. हे त्यांनी मला समजुतीच्या सुरात सांगितलं, पण ऐकवलंच. आम्ही तीन आठवडे थांबलो. मधे गणपतीही होते.

या तीन आठवड्यांत मी मनूला एकदाच भेटले, कुत्र्याविना. तिच्या मनात एक प्रश्न घर करून होता : “ती उठून गेली, तर तिला कुणी ओरडलं का?” मी म्हटलं, नाही. उलट सुलभाआजींनी तिला घरी जाऊन रताळं दिलं. मनू बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “मी पण उठून जाऊ शकते?”

पुढची सगळी सत्रं या प्रश्नावर उभी आहेत. आम्ही नियम केला : खोलीत जिलबीची चटई आणि मनूचं बस्कर. जिलबीच्या चटईवर कुणी पाय ठेवायचा नाही, मनूच्या बस्करावर जिलबीने यायचं नाही. दोघींपैकी कुणीही, केव्हाही, उठून जाऊ शकते. कारण विचारायचं नाही. आणि मोठ्यांनी कुणाचाही हात धरायचा नाही. बाबांनी हा नियम स्वतःच्या अक्षरात लिहून दारावर चिकटवला. त्यांना ते सोपं गेलं नाही. त्यांनी माफीही मागितली, मनूची आणि जिलबीची.

पळी

सप्टेंबरच्या मध्यात पुन्हा सुरुवात झाली. जिलबीला खाऊ द्यायची मनूची इच्छा होती, पण हाताने नको. आजीने घरून लांब दांड्याची पळी पाठवली, तुपाच्या कढईतली. तिच्या टोकावर उकडलेल्या रताळ्याचा तुकडा ठेवून मनू हात लांब करायची आणि जिलबी मान पुढे करून अलगद उचलायची. पुढच्या आठवड्यात डाव आला, मग चमचा, मग पोह्यांचा छोटा चमचा. असा जिना मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता.

एकदा मनूने गौरीच्या नैवेद्यातला, जपून ठेवलेला शिरा डब्यातून आणला. सुलभाताईंनी डबा हातातच धरला, कारण त्यात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा, चॉकलेटही नको. मनूला याचं फार नवल वाटलं : इतकं मोठं जनावर आणि बेदाण्याला घाबरायचं!

सातव्या सत्रात चमचा नव्हता. तिने तळहात सपाट केला, रताळं ठेवलं आणि डोळे मिटले. जिलबीने घेतलं. “तिला ताप आलाय,” मनू दचकून म्हणाली. कुत्र्याचं अंग साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतंच, हे तिला सुलभाताईंनी थर्मामीटर लावून दाखवलं. हात लावणं जिन्यावर नव्हतं तरी ते झालं, आणि तिच्या मर्जीने झालं. त्या दिवशी आम्ही तिला विचारायची पद्धत शिकवली. तीन सेकंद खांद्याजवळ खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. जिलबी जवळ सरकली तर आणखी हवं आहे. तोंड वळवलं, जांभई दिली, अंग झटकलं तर पुरे. डोक्यावरून हात आणायचा नाही, मिठी नाही. माणसाला जी माया वाटते ती कुत्र्याला पुष्कळदा पकड वाटते.

मनू दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या टिपणाकडे परत गेली. “जांभई दिली म्हणजे झोप आली होती ना?” कधी झोप, कधी ‘मला जरा अवघड वाटतंय’. तिने तिथे प्रश्नचिन्ह काढलं.

बोरिस लेव्हिन्सन या न्यूयॉर्कच्या बालमानसतज्ज्ञाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. कुणाशी न बोलणारा एक मुलगा वेळेआधी आला आणि लेव्हिन्सनचा जिंगल्स नावाचा कुत्रा योगायोगाने खोलीत होता. मुलगा त्याच्याशी खेळू लागला. १९६२ मध्ये लेव्हिन्सनने यावर लेख लिहिला आणि कुत्र्याला सहचिकित्सक म्हटलं. लोक ही गोष्ट कुत्र्याच्या जादूची म्हणून सांगतात. मला त्यात वेगळं दिसतं : त्या भेटीत कुणीही मुलाला ‘जा, हात लाव’ म्हटलं नव्हतं.

दिवाळी आणि सोफा

ऑक्टोबरअखेर जिलबी कामावर येणार नव्हती. बदली कुत्रा आणावा का? सुलभाताईंच्या ओळखीत एक गुणी लॅब्रडॉर होता. मी नको म्हटलं आणि मनूला खरं कारण सांगितलं : जिलबी फटाक्यांना घाबरते, न्हाणीघरात पाटाखाली बसते. मनूने गंभीरपणे विचारलं, “तिचं समुपदेशन कोण करतं?” आम्ही सांगितलं की सुलभाआजी खिडक्या लावतात, रेडिओ लावतात आणि तिला पाटाखालून ओढून काढत नाहीत.

इथवर गाडी इतकी नीट चालली होती की मी बेसावध झाले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मनूच्या आईचा फोन आला. फराळाला खालच्या मजल्यावर गेले असताना शेजाऱ्यांचा पॉमेरेनियन फटाक्यांनी भेदरून सोफ्याखाली शिरला होता. मनू जमिनीवर पालथी पडली आणि त्याला धीर द्यायला तिने सोफ्याखाली हात घातला. तो गुरगुरला आणि हवेत दात वाजवले. लागलं नाही. पण मनू किंचाळत वर पळाली आणि सोमवारी पुन्हा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडली.

“तुम्हीच सवय लावलीत, मॅडम,” आई म्हणाल्या. आवाज चढलेला होता आणि त्यांचं खरं होतं. मी तिला एका कुत्रीची भाषा शिकवली. बाकीच्या कुत्र्यांपासून कसं लांब राहायचं ते शिकवायचं शेवटासाठी ठेवलं होतं, कारण भीतीने गोठलेल्या मुलीला आणखी सूचना नकोत असं मला वाटलं. भीती उतरली आणि तिच्या जागी माया आली, तीही सरसकट. सरसकट माया भीतीइतकीच आंधळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. आजाराची लक्षणं दिसू लागली की जवळपास कुणी वाचत नाही. थेरपी डॉगबरोबर काम करणाऱ्या माणसाने हे आकडे विसरून चालत नाही.

नोव्हेंबरातली तीन सत्रं आम्ही बदलली. पहिल्यात मनू ‘झाड’ झाली : हात अंगाशी, नजर पायांकडे, तोंड बंद, कुत्रा हुंगून जाईपर्यंत मुळं रोवून उभं राहायचं. सुलभाताई जिलबीला घेऊन भोवतीने चालल्या. दुसऱ्यात मनूने स्वतः यादी केली, कोणत्या कुत्र्याला विचारायलाही जायचं नाही : खाणारा, झोपलेला, कशाखाली शिरलेला, बांधलेला, पिल्लांपाशी असलेली. शेवटचं लिहून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “मग तेव्हा तिने बरोबर केलं?” मी म्हटलं, तिच्या पिल्लांसाठी बरोबर, तुझ्या पायासाठी वाईट. दोन्ही खरं. तिने ते लिहून घेतलं नाही, फक्त मान हलवली.

तिसरं सत्र तिच्या पार्किंगमध्ये झालं, जिलबीविना. सोसायटीच्या कुत्र्यांमध्ये परक्या कुत्रीला नेणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. मनू, मी, आणि गॅलरीत आजी.

परिणाम

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मनू जिन्यापासून फाटकापर्यंत चालत गेली. बाबा चार पावलं मागे, दोन्ही हात खिशात. तसं तिने बजावलं होतं. जानेवारीपासून ती एकटी जाते. तीन-चार कुत्री एकत्र दिसली तर वळसा घालते, आणि तो वळसा मी भीतीत मोजत नाही. शाळा भीतीपायी बुडालेली नाही.

दत्तजयंतीला आजीबरोबर देवळातही गेली. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. आजी लहानपणापासून तिला सांगत आलेली की हे चार वेद. मनूने मूर्तीकडे बघून हळूच आजीला सांगितलं की त्यातल्या एकाचे कान मागे आहेत, त्याला गर्दी आवडत नसणार.

सगळं मिटलं असं मात्र नाही. सुई बघितली की ती अजूनही खोली सोडते. ते काम वेगळं आहे आणि ते आत्ता कुठे सुरू झालंय. पोटरीवर चार ठिपके आहेत. बाबांच्या कमरेचा पट्टा सुटला.

जिलबीचा निरोप आम्ही ठरवून घेतला, शेवटच्या तीन भेटी महिन्याच्या अंतराने. थेरपी डॉग मुलाच्या आयुष्यात कायमचा नसतो, आणि हे शेवटच्या दिवशी सांगणं म्हणजे फसवणूक. मनूला पहिल्या सत्रापासून माहीत होतं. तरी ती रडली.

आता वेगळं काय करेन

चित्राकडे आधी बघेन. मी प्रकरणाला ‘कुत्र्याची भीती’ असं नाव देऊन टाकलं आणि त्या नावाने मला चौथ्या सत्रापर्यंत आंधळं ठेवलं. धरून ठेवल्याचं दुखणं आधी ओळखलं असतं, तर बाबांशी माझं पहिलं बोलणंच हातांबद्दल झालं असतं.

पालकांना पहिल्या सत्राआधी एक तास देईन, मूल नसताना, आणि जिन्याची वरची पायरी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेईन. ‘झाड’ आणि ‘विचारायलाही जायचं नाही’ ही यादी रताळ्याच्या आधी येईल. हे आता मी प्रत्येक मुलाच्या बाबतीत करते. दोन मुलांना कंटाळा आला, येऊ दे.

जिलबीला तीन आठवडे सुट्टी देण्याबद्दल मला तेव्हा शंका होती. आता नाही. सत्र लांबलं म्हणून मनूचं नुकसान झालं नाही. कुत्रीने ‘नको’ म्हटलं आणि मोठ्या माणसांनी ऐकलं, हे तिने पहिल्यांदा पाहिलं, आणि ते खोलीत कुणी शिकवू शकलं नसतं.

एका गोष्टीबद्दल माझं मत अजून ठरत नाही : गावठी कुत्री निवडली म्हणून पार्किंगपर्यंतचा रस्ता सोपा झाला, की तिच्यामुळेच मनूला सगळी कुत्री जिलबी वाटू लागली? पॉमेरेनियन काही जिलबीसारखा दिसत नव्हता. तरी पुढच्या वेळी निदान दोन वेगवेगळी कुत्री दाखवेन.

पंपघराजवळच्या कुत्रीची नसबंदी हिवाळ्यात झाली. कानाला ओळखीची खाच पाडलेली आहे, ती मनूने गॅलरीतून सगळ्यांत आधी टिपली. मार्चमध्ये ती मला भेटली तेव्हा मी विचारलं, त्या कुत्रीशी कधी ओळख झाली का. “नाही,” मनू म्हणाली, “ती झोपलेली असते आणि मला व्हॅन असते.”